पाहुणी कुठवर आली

आमच्या घरात पार्सल कुणाच्या नावावर आलंय याला फारसा अर्थ नसतो. ज्याच्या हाती लागतं तो उघडतो. कात्री सापडली नाही तर किल्लीने, किल्ली नसेल तर दातांनी. आणि उघडून झाल्यावर ज्याचं असेल त्याला हाक मारायची, "ए, तुझी चप्पल आली गो! रंग काय भंगार हाय!" मी मागवलेले इअरफोन माझ्या हातात येईपर्यंत घरातल्या दोघांच्या कानात जाऊन आले होते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकत्र घर आहे, सगळ्यांचं सगळं.

खरेदीचं खातंही सगळ्यांचं मिळून एकच आहे, माझ्या चुलत भावाच्या फोनवर. दादा इथे भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. दिवसभर खोकी मोजतो, त्यामुळे पार्सलचं सगळं त्यालाच कळतं असं घरात धरून चालतात. तो नाही म्हणत नाही. अर्धा वाडा त्याच्याकडून मागवून घेतो आणि कुणी काय मागवलं ते जेवताना सगळ्यांना समजतं.

म्हणूनच त्या दुपारी काकी माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं तेव्हा मी दचकले. आमच्याकडे दिवसा दारं लावत नाहीत. काकी म्हणजे दादाची आई. दादाचं लग्न ठरलं होतं, मंडपवाल्याशी बोलणी चालली होती, घरात बोलायला ढीगभर गोष्टी होत्या. त्यातलं काहीच तिने काढलं नाही. माझ्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "तू बोलत न्हायस, म्हणून तुला सांगते."

हे खरं आहे. मी कमी बोलते. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून घरात एक ठरलेला टोमणाही आहे, "ही इंग्लिशमध्ये गप्प बसते."

काकीला छातीचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनमध्ये तिची डावी बाजू काढावी लागली. पुढची औषधं झाली, केस गेले आणि परत आले, डॉक्टर आता बरं आहे म्हणाले. घरात सगळ्यांना हे माहीत होतं, सगळ्यांनी तिचं मनापासून केलंही. पण त्यानंतर ती रोज ब्लाउजमध्ये जुन्या ओढणीची घडी ठेवते, हे बहुतेक मलाच दिसलं असावं. घडी सरकायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती हात मधेच खाली घ्यायची आणि पदरावरून दाबून घडी जागेवर आणायची. कुणी आलं की एक हात तिथेच. डाव्या हाताने तिने किती दिवसांत काही उंच धरलेलं नव्हतं.

"दवाखान्यात एक बाई भेटलेली," ती म्हणाली. "तिनं सांगितलं, तसलं मिळतं. खऱ्यावानी. मोबाइलवर मागवायचं." मग जमिनीकडे बघत म्हणाली, "हळदीला सगळी नाचतील. मी नवऱ्या मुलाची आय. मना ओढतील मधे. मी एक हात धरून कशी नाचू गो?"

आमच्या भागात हळद लग्नापेक्षा मोठी. आणि काकी नाचायला लागली की बाकीच्या बायका गोल करून उभ्या राहतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

"दादाला सांगू का? तो लवकर..."

"खुळी का काय तू! पोराला सांगू?"

"मग आईला?"

"तुझी आय चांगली हाय. पण ती म्हणेल, जीव वाचला ना, मग आता हौस कसली." आई खरंच तसं म्हणायची. दवाखान्यातून आल्यापासून कितीदा म्हणाली होती, "जीव वाचला, बाकीचं घेऊन काय करायचंय." धीर द्यायलाच म्हणायची. पण त्या वाक्यानंतर काकीला काही मागता येत नव्हतं.

मी माझ्या नंबरवर नवं खातं उघडलं. आम्ही दोघींनी एका छोट्या स्क्रीनवर डोकी जवळ आणून माप वाचलं, बाजू निवडली, रंग निवडला. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणि तो ठेवायला आतून खिसा असलेली ब्रेसियर. मला लाज वाटत होती आणि काकीला हसू येत होतं. "बघ तरी, बायकांचे फोटो कसे हसतात! जशी काय लॉटरी लागली."

मग पुढचे पर्याय आले. बाहेर वस्तूचं नाव न छापता साधं पॅकिंग हवं का? हवं. खोकं दारात उघडून दाखवायचं का, माल बरोबर आहे हे ग्राहकाने तिथेच बघावं म्हणून? काकीने माझा हात धरला. "दारात? सगळ्यांसमोर?" मी ती खूण काढून टाकली. घरी नको असेल तर जवळच्या दुकानातून आपण जाऊन घ्यायचं, असाही पर्याय होता. यादीत कोन गावाच्या रस्त्यावरचं मोबाइलचं दुकान निघालं. दुकानदार काकांचा मित्र. पुढचं दुकान, त्याची बायको आईच्या भिशीत. शेवटी घरचाच पत्ता दिला आणि ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल कुणाच्या हातात द्यायचं नाही, असा पर्याय निवडला. ओटीपी माझ्या फोनवर येणार होता. माझा फोन आमच्या घरात कुणी उचलत नाही, कारण त्यावर कधी कुणाचा फोन येत नाही.

"ऑर्डर झाली," मी म्हणाले. "डिलिव्हरीची तारीखही दिलीय."

"या वयात डिलिव्हरी!" काकी म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन इतकी हसली की मला दार उघडून बाहेर बघावं लागलं.

सगळ्यांसमोर बोलता यावं म्हणून पार्सलला तिने नाव ठेवलं, पाहुणी. मी कामावरून आले की भांडी घासता घासता विचारायची, "पाहुणी कुठवर आली?" मी फोनवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे. निघाली. वाटेत आहे. गाडी बदलली. एका संध्याकाळी ती भिवंडीत आली.

"म्हंजे आपल्या दारात आली की!"

मलाही तसंच वाटलं होतं. पण सकाळी ती भिवंडीतून निघून गेली होती. मी शोधून शोधून समजून घेतलं. आपल्याकडची मोठी गोदामं आपल्यासाठी नसतात, अख्ख्या मुलखासाठी असतात. तिथे माल फक्त गावांप्रमाणे वेगळा केला जातो. आपल्या पिनकोडची पार्सलं आधी दुसऱ्या केंद्रावर जातात, तिथे त्यांची पिशवी भरते, आणि मग ती पिशवी परत इकडे येते. हे मी जमेल तसं सांगितलं. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सासरच्या गाडीत बसलेल्या पोरीवानी. घरावरनं जाते, पण उतरू देत न्हाईत."

गंमत अशी की आईने यातलं अर्धंच ऐकलं. पाहुणी निघाली, पाहुणी अडकली, हळदीच्या आधी यायलाच पाहिजे. पाहुणे या शब्दाचा लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरात एकच अर्थ होतो. आईने हिशोब घातला की काकीच्या माहेरचं कुणीतरी मला बघायला येतंय आणि आम्ही दोघी तिच्यापासून लपवतोय. ती रागावली नाही. उलट माझ्याशी फार गोड वागायला लागली. मला दुधावरची साय मिळायला लागली. एके दिवशी तिने स्वतःची मोरपिशी साडी इस्त्री करून माझ्या पलंगावर ठेवली. "हळदीला ही नेस. लोक येतात, बघतात. मी काय विचारत न्हाय हां तुला काही."

तिला खरं सांगावं तर काकीचं सांगावं लागलं असतं. मी साडी कपाटात ठेवली आणि गप्प बसले. ते मला जमतं.

दिलेली तारीख आली आणि गेली. स्क्रीनवर नुसतं लिहून यायचं, उशीर होत आहे, दिलगीर आहोत. काकी विचारायची थांबली. फक्त माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे. हळदीच्या आदल्या दिवशी तिने ओढणीची नवी घडी करून चारी बाजूंनी टाके घातलेले मी पाहिले.

हळदीच्या दिवशी दुपारी मेसेज आला, आज मिळणार. मी मोरपिशी साडीत मांडवात उभी होते. बँडवाले आवाज जुळवत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. असे फोन मी कधी घेत नाही. घेतला.

"मॅडम, पार्सल है. घर किधर है?"

"मंडपवालं घर... मंडप है ना, उसके पीछे की गली में आओ. पीछे!"

"सुनाई नहीं दे रहा मॅडम, बाजा बज रहा है."

"पीछे!" मी ओरडले. मांडवातल्या चार बायकांनी वळून पाहिलं. मी इतक्या मोठ्याने कधी बोललेलं त्यांनी ऐकलं नसणार. मी तरी कुठे ऐकलं होतं. फोनवरच्या माणसाने मात्र ऐकलं नाही, आणि मांडव दिसल्यावर तो सरळ पुढच्या कमानीखालून आत आला. तिथे दादा खुर्च्या लावून घेत होता.

मी पोचेपर्यंत खोकं दादाच्या हातात होतं. त्याने ते सवयीने एकदा वर उडवून झेललं, वजन पाहिलं. "कपडे न्हाईत हे," तो म्हणाला. "कात्री आणा रे."

"भाई, ओटीपी," डिलिव्हरीवाला म्हणाला.

दादाने फोन पाहिला. "मला न्हाय आला. कोणाचं हाय?"

"माझं," मी म्हणाले.

"काय मागवलंस?"

"माझं आहे."

"अगं पण काय हाय त्यात? दाखव तरी. लग्न माझं आणि पार्सल हिचं!"

आजूबाजूचे हसले. दादाच्या चेहऱ्यावर नुसती मजा होती, तो वाईट माणूस नाही. मी डिलिव्हरीवाल्याला आकडे सांगितले, खोकं दादाच्या हातातून ओढून घेतलं आणि वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या हातातून काही ओढून घेतलं असेल. मागून तो म्हणाला, "आयला, हिला झालं काय?" मी चालत राहिले.

काकी आतल्या खोलीत हळदीची पिवळी साडी नेसत होती. मी कडी लावली. खोकं तिनेच उघडलं, हळूहळू, चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवत. आतली वस्तू तिने तळहातावर घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"थंड हाय गो," ती म्हणाली. आणि दोन्ही हातांत धरून ऊब देत बसली, चिमणीचं पिल्लू सापडल्यासारखी. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

माप बरोबर होतं. पण ब्लाउज लागेना. हळदीचा ब्लाउज आईने शिवला होता, आणि शिवताना डाव्या बाजूला कापड झोळ खाऊ नये म्हणून तिने कुणाला न सांगता आतून दुमडून एक चिमटा जास्त घेतला होता. आता तिथेच ओढलं जात होतं. हुक काजापर्यंत पोचत नव्हते. काकीने दोनदा श्वास आत घेऊन पाहिला. मी ओढून पाहिलं. बाहेर कुणीतरी ओरडलं, "वरमायला बोलवा!"

काकीने ओढणीच्या घडीकडे पाहिलं. ती पलंगावरच पडलेली होती. तिने उचललीही. मग खाली ठेवली.

"बोलव तुझ्या आयला," ती म्हणाली.

आई आली ती आधी माझ्याकडे बघत, माझ्या निऱ्या ठीक करत. "कुठं हायत पाहुणे? बाहेर तर कोण दिसत न्हाय." मग तिची नजर काकीवर गेली. उघड्या ब्लाउजवर, आतल्या नव्या ब्रेसियरवर, दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या तिच्या अंगावर.

"तीच पाहुणी, ताई," काकी म्हणाली. तिने पदर ओढून घेतला नाही.

मला वाटलं आई आता ते वाक्य बोलणार. तिने तोंड उघडलंही. पण ती पुढे गेली, काकीच्या बगलेत बोट घालून शिवण चाचपली आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? माझा सुईदोऱ्याचा डबा आण. आणि ब्लेड."

काकीने हात वर केला आणि आईने तो चिमटा उसवला, मग मोकळं झालेलं कापड नव्या मापाने परत टाचायला घेतलं. अंगावरचा कपडा शिवायचा तर शिवून होईपर्यंत ज्याच्या अंगावर आहे त्याने तोंडात काहीतरी धरायचं, असं आमच्याकडे मानतात. आईने दोऱ्याचा तुकडा तोडून काकीच्या दातांत दिला. म्हणजे आता काकीला बोलता येणार नव्हतं, आणि आई बोलायला लागली.

"मना सांगायला काय झालेलं? मी काय परकी? भिवंडीभर फिरून आली ती वस्तू, आणि मना पत्ता न्हाय. मी इकडे पोरीला साय खायला घालते." सुई आत गेली, बाहेर आली. "मी म्हणत होते ना जीव वाचला, जीव वाचला... घाबरून म्हणत होते गो. तू परत काय मागितलंस आणि ते मिळालं न्हाय तर... हलू नको, टोचेल."

काकीचे डोळे भरले होते. ओठ घट्ट मिटून ती आईच्या भांगाकडे बघत होती. दाराबाहेर बँड वाजायला लागला, कुणीतरी कडी वाजवली, मग दादाचाच आवाज आला, "आय, चल ना, सगळी थांबलीत!" मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि आतून ओरडले, "थांब! येतेय ती!"

तो थांबला.

आईने गाठ मारली, हुक लावले आणि दोन पावलं मागे सरली. "हात वर कर बघू. दोन्ही."

काकीने केले.

"घट्ट न्हाय ना झालं?"

काकीने दोरा दातांत तसाच धरून नाही म्हणून मान हलवली.