इंदूचं पान

वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा मला दुःखापेक्षा राग जास्त आला. नातेवाईक एकेक करून हात जोडत त्यांना वचनं देऊ लागले. काकांनी तर माझ्या मुलीचं लग्न लावून देण्याचं वचन देऊन टाकलं. ती नववीत आहे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले. आई जेवली नाही. त्या दिवसापासून ती नुसत्या चहावर राहिली. भरीला रोज दुपारी स्वयंपाकघरातलं एखादं झाकण आपोआप खाली पडायचं. काका म्हणाले, "दादा अडकलाय. मोठा विधी करू, चारशे पानं उठवू." घरातलं एक पान उठत नव्हतं, त्यावर हा उपाय. मी देवघरासमोर उभा राहून देवाला वाट्टेल ते बोललो.

आईने हट्ट धरला म्हणून तिला देवळाली कॅम्पला सिस्टरांकडे नेलं. या निवृत्त नर्सना मेलेली माणसं दिसतात, अशी त्यांची ख्याती. उदबत्त्या आणि घुमणं सोसायची तयारी करून मी गेलो होतो. बाई मटार सोलत बसल्या होत्या. आईच्या खांद्यामागे पाहत म्हणाल्या, "तुमचे मालक ठीक आहेत हो. त्यांच्या पुढे एक बाई उभ्या आहेत. लहान वय आहे. भूक लागलीय म्हणतात."

"इंदू," आई म्हणाली.

इंदू ही वडिलांची पहिली बायको, लग्नानंतर दोन वर्षांत गेलेली. मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. रिवाजाप्रमाणे लग्नात तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे छोटी प्रतिमा, आईच्या गळ्यात घातला होता आणि पितृपक्षात, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या अविधवा नवमीला, तिचं पान वाढायचं होतं. "वर्षाच्या आत टाक काढून मी डाळीच्या डब्यात टाकला," आई म्हणाली. "पानही बंद केलं. मेलेल्या बाईचा मत्सर केला मी. हे बघत होते, पण एक शब्द बोलले नाहीत."

मग माझा राग वडिलांकडे वळला. एकीचं नाव काढायचं नाही आणि दुसरीचा अपराध तिच्या पोटात कुजू द्यायचा, याला आम्ही आयुष्यभर त्यांचा शांत स्वभाव म्हणत आलो.

"घरी जाऊन तिला वाढा," सिस्टर म्हणाल्या. "आणि सोबत बसा. एकटं कोण जेवतं?"

काकांना हे पटेना. "नवरा गेल्यावर तिचं पान वाढत नाहीत, वहिनी. शास्त्रात बसत नाही."

"भूक बसते का शास्त्रात, भावजी?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोन पानं वाढली. टाक चिंचेने घासून एका पानापाशी ठेवला. "जेव गं," म्हणाली, स्वतः दुसऱ्यावर बसली आणि आठ दिवसांनी तिने भात कालवला. झाकण अजूनही कधीमधी पडतं. आई म्हणते, पडू दे, तिचंही घर आहे.

सिस्टरांना खरंच कोणी दिसलं, की नर्सच्या नजरेने त्यांनी आईचा चेहरा वाचला, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. माझा राग गेलाय असंही नाही. काकांवर आहे, वडिलांवर आहे. पण देवघरातल्या ज्याला मी नको नको ते बोललो, त्याने उलट उत्तर न देता माझ्या आईला जेवायला बसवलं. त्याच्याकडे आता मी काही मागत नाही. सकाळी दिवा लावतो, आणि आईने घास घेतल्याशिवाय मी घेत नाही.