माळ्यावरच्या अकरा बाटल्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि माझ्या फजित्या ऐकल्याशिवाय ज्यांना चहा जात नाही त्या दोस्तांजवळही नाही. तशा माझ्या फजित्या जगजाहीर आहेत. शाळेच्या गॅदरिंगला ज्वालामुखीचा प्रयोग दाखवताना पाहुण्यांचा फेटा पेटवला — तो मीच. बाजारातून दुसऱ्याचीच स्कूटर घरी आणून दोन दिवस चालवली, वर तिचे ब्रेक बिघडलेत म्हणून कुरकुर केली — तोही मीच. या गोष्टी मी स्वतःच रंगवून सांगतो. लोक हसतात, मला बरं वाटतं. ही एक मात्र गळ्यापर्यंत येते आणि परत खाली जाते. खाली गेली की तोंडात आंबट चव राहते. खरोखरच राहते, उगाच शब्द सजवायला म्हणत नाही.

सुरुवात हसण्यासारखीच आहे. तिचीच तर जास्त शिसारी येते.

मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवतो. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे वाक्य मी वीस-एकवीस वर्षं फळ्यावर लिहितोय. वर्षातून एकदा मुलांना रांगेत उभं करून, हात पुढं करायला लावून, व्यसनमुक्तीची शपथ देतो तोही मीच — आवाज मोठा आहे म्हणून. तर असा हा मास्तर. लॉकडाऊनच्या रिकाम्या दिवसांत याला मोबाइलवर एक दाढीवाला गोरा माणूस दिसला. तो घरच्या घरी सफरचंदाचा रस आंबवत होता, बाटल्यांत भरत होता, आणि टोपण उघडलं की फस्सकन फेस. सायडर म्हणे. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल? शाळा सुरू झाल्या, वर्ष गेलं, तरी डोक्यातून जाईना. सायडर म्हणजे काही दारू नव्हे, मी स्वतःला सांगितलं, फळांचा रसच की तो. कुणी स्वतःला एखादी गोष्ट इतक्यांदा समजावतो, तेव्हा ती तशी नसते, हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

आमचं घर भवानी पेठेत. लिंगायताचं घर. आमच्यात आईला अव्वा म्हणतात, आणि आमची अव्वा दारूचं नुसतं नाव निघालं तरी मोरीत जाऊन चूळ भरून येते. त्याला कारण होतं — तिचा धाकटा भाऊ, मल्लूमामा. मामा चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होता आणि भरपूर प्यायचा. नोकरी त्यात गेली, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. शेवटी अव्वानं त्याला आमच्याकडं आणलं, मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. एके सकाळी त्यानं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तिच्यासमोर शपथ घेतली, आणि सोडली. मी देतो तसली शपथ नव्हे. खरी. मी ज्या वेळचं सांगतोय तेव्हा त्याला चार वर्षं झाली होती.

आता येळवस. म्हणजे वेळअमावस्या. डिसेंबरच्या अखेरीस, कधी जानेवारीत, आमच्याकडची घरंच्या घरं शेतात जेवायला जातात. त्यासाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून चार दिवस आधी आंबवायचं. ती आंबील. चुन्या-काव्यानं रंगवलेल्या मडक्यातून ती रानात न्यायची, आणि घरातल्या एकानं मडकं डोक्यावर घेऊन पिकाभोवती फिरत आंबील शिंपडायची. कुंभारीला आमचं दीड एकर रान आहे. मामानं सोडली त्या वर्षी अव्वानं ते मडकं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर दिलं. तेव्हापासून ते त्याचंच. आमच्या घरात त्याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

आणि माझ्या सुपीक डोक्यात काय आलं? येळवशीच्या दिवसांत घराला आंबूस वास येतोच. तेव्हा सायडर लावायचं ते त्याच सुमाराला. माझ्या हुशारीची ही पातळी.

बाजारातून डागाळलेली सफरचंदं आणली. बायको आणि अव्वा एका लग्नाला गेल्या होत्या, तेवढ्यात मिक्सरमधून काढली, धोतराच्या फडक्यातून गाळली. वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये रस, साखर, बेकरीचं यीस्ट. झाकणातून सलाईनची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली, गॅस जायला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले तेव्हा मला जो आनंद झाला तो लेकीच्या बारशाला झाला नव्हता. तळाशी शेंबडासारखा साका बसला होता आणि मी त्याच्याकडं कौतुकानं बघत होतो.

जार कुठं ठेवला? मामाच्या खोलीतल्या माळ्यावर. त्याला म्हणालो, शाळेचा व्हिनेगरचा प्रयोग आहे. तो म्हणाला, "बरं की."

येळवस तीन आठवड्यांवर होती ती चार दिवसांवर आली. बुडबुडे मंद झाले होते, थांबले नव्हते. पण मला सणाआधी जार रिकामा हवा होता, आणि दोन सहकाऱ्यांना आधीच बढाई मारून बसलो होतो. मग सॉसच्या, सरबताच्या धुऊन ठेवलेल्या अकरा बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येकीत चमचाभर साखर आणखी घातली. टोपणं पक्कड लावून आवळली आणि सगळ्या माळ्यावर, पत्र्याखाली ठेवल्या. सोलापूरचा पत्रा, डिसेंबरातही दुपारी हात ठेववत नाही. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं — सतरा वर्षं.

येळवशीच्या आदल्या दिवशी शाळा सकाळची होती. दुपारी बोळात शिरलो आणि धडाधड आवाज आले. कुणाच्या तरी वरातीचे फटाके, असं वाटलं. दारात आलो तर घरातली सगळी मागं धावलेली.

मामा खाटेवर बसला होता. मांडीवर परात, उद्याच्या भज्जीसाठी, म्हणजे सणाच्या मिसळभाजीसाठी, पावटे आणि तुरीचे दाणे सोलत बसला होता तो. सात बाटल्या फुटल्या होत्या. परातीत दाणे कमी आणि काच जास्त. तो डोक्यापासून भिजलेला, टक्कलावरून ओघळतंय, पावलातून रक्त, गादीतून ठिपकतंय. आणि वास — सडक्या फळांचा, आणि त्याच्याखाली तो दुसरा वास, जो आमच्या घरानं चार वर्षं हुंगला नव्हता. अव्वानं पदर नाकाला लावला. मग पदर काढून ती त्याच्या तोंडाजवळ गेली आणि हुंगली. पण त्याच्या अंगाखांद्यालाच वास होता, तोंडाचा वेगळा कसा कळणार?

अव्वा त्याला लहानपणापासून तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. त्या दिवशी ती म्हणाली, "मल्लिकार्जुन. परत?"

मामानं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. किती वेळ? मी तीन वेळा खरं बोलू शकलो असतो, एवढा वेळ. अव्वाही माझ्याकडं बघत होती, घरातला शिकलेला माणूस काय म्हणतोय म्हणून. बायको बघत होती. आणि मी तोंड उघडलं.

"मामा," मी म्हणालो, "निदान अव्वाच्या तोंडाकडं तरी बघायचं होतं. उद्या येळवस असताना."

गप्प बसलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मी बोललो. शपथ देतानाच्या आवाजात बोललो.

मामानं मान खाली घातली. पायातली काच काढली, परातीच्या कडेवर ठेवली. "चुकलं, अक्का," म्हणाला.

उरलेल्या चार बाटल्या मी मोरीत ओतल्या. अव्वाच्याच सांगण्यावरून, नाकाला रुमाल बांधून. बायको मागून म्हणाली, "तुमाला मळमळंल, मी वतते." मी म्हणालो, "नको, तू हात लावू नकोस असल्या घाणीला." हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात बोटं घालून ओकावंसं वाटतं. ओतताना, खरं सांगतो, रुमालाआडून मी चव कशी झाली असेल याचा अंदाज घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मामाला रानात नेलं नाही. मडकं माझ्या डोक्यावर आलं. हरभऱ्याभोवती आंबील शिंपडत फिरलो. बोटांना अजून सफरचंदाचा वास होता. तीन वेळा साबण लावूनही होता. कडब्याच्या कोपीखाली पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, समोर अव्वा हात जोडून उभी. मी जवळून गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "तू हायस म्हनून हाय रं माझं सगळं."

चार दिवसांनी मामा वैरागला निघाला. तिथं एका व्यापाऱ्याच्या गोदामावर राखणीचं काम त्यानंच शोधलं होतं. अव्वा थांब म्हणाली नाही. स्टँडवर सोडायला मी गेलो. कुणीतरी जायला हवं होतं, आणि मी चांगला भाचा होतो. गाडी लागल्यावर पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाला —

"बाटल्या भरायची घाई केलास. बुडबुडं थांबल्याबिगर टोपण आवळायचं नसतंय, शिवू. विज्ञानाचा मास्तर हायस की."

मी गाडीची पाटी वाचत राहिलो.

"तीन आठवडं त्येच्याखाली झोपत हुतो," तो म्हणाला. "वास येत हुता की रातभर. व्हिनेगर न्हाय ते पयल्या दिवशीच कळलं. बोटसुद्दा लावलं न्हाय. तुला तेवढं म्हाईत असू दे."

मी म्हणालो, "व्हय." आणि तो चढला.

आता थांबता येईल. इथवर आलो की मनातल्या मनात मी थांबतोही. पण एक राहिलंय. मघाशी मी म्हणालो, जार मामाच्या माळ्यावर ठेवला. का ठेवला? माळे घरात दोन आहेत. दुसरा आमच्याच खोलीत आहे, तिथं बायको सहा-सहा महिने चढत नाही, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. तिथं त्या बाटल्या फुटल्याही नसत्या. मग? मी बरीच वर्षं म्हणत आलो की ते सहज झालं. सहज नव्हतं. जार उचलून दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात मी उभा होतो, आणि माझ्या मनात स्पष्ट आलं होतं: सापडलाच, तर मामाच्या खोलीत सापडू दे. एवढं वजन हातात असताना आलं होतं. मग मी उजवीकडं, मामाच्या खोलीकडं वळलो.

मामा वैरागलाच आहे. पितो का? नाही. आतापर्यंत एक थेंबही नाही, हे मला माहीत आहे. कुणाकुणाकडून चौकशी करून मी खात्री करून घेतो. कशासाठी, ते विचारू नका. त्यानं एकदा जरी घेतली असती तर माझं खोटं जरा तरी खरं झालं असतं — मी त्याची वाट बघत होतो. आहे.

अव्वा थकली आहे. आंबील आता बायको घालते, अव्वा पाटावर बसून पीठ किती ते सांगते. काल मडकं रंगवताना तिनं दरवर्षीसारखं विचारलं, "मल्लिकार्जुनाला बोलवावं का रं यंदा? सोडली असंल आता."

मी म्हणालो, "नको अव्वा. त्याचा काय भरवसा."

तिनं मान हलवली. मडकं अंगणात वाळत ठेवलंय. परवा ते माझ्या डोक्यावर असेल.