गजरा शुद्ध बोलू लागली

ढोकीत आमच्या आणि रेवणसिद्ध मास्तरांच्या घरात एकच भिंत होती, मातीची. इकडं फोडणी दिली की तिकडं ठसका लागायचा. त्यामुळे मास्तरांच्या कादंबरीचं जे झालं ते माझ्या आईनं अर्धं डोळ्यांनी पाहिलं आणि अर्धं भिंतीतून ऐकलं. मी तिच्याकडून ऐकलं तसं सांगते.

मास्तरांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मग घरात ते आणि त्यांची आई रुद्रम्मा, एवढीच दोन माणसं. मास्तर निजामाच्या राज्यात शिकलेले. इतिहास उर्दूत, हिशेब उर्दूत, अर्जही उर्दूत. मराठी त्यांच्या तोंडात आईकडून आलेली. कागदावरची मराठी ते स्वतःच्या हिमतीवर शिकले होते. शाळेत फळ्यावर लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी, याची त्यांना कायम धास्ती वाटे.

अशा माणसानं चार वर्षं खपून कादंबरी लिहिली. तिच्यात गजरा नावाची नवऱ्यानं टाकलेली बाई होती, डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन बाजाराला जाणारी. गजराची कहाणी मास्तरांनी रचली होती, पण तिचं बोलणं सगळं रुद्रम्माचं. रुद्रम्मा ज्वारी निवडत बसली की मास्तर पान वाचून दाखवायचे.

"अव्वा, असं म्हणंल का गं ती?"

"छ्या! म्या असं म्हणते व्हय कधी? जीवच लागंना कशात, असं म्हणंल." आणि वर पुटपुटायची, "डोळं जातील रे लेका. दुसरी बायको कर म्हणलं, तर ह्यानं कागदाची केली."

ती हसत म्हणायची, पण काळजी खरी होती. लिहिणाऱ्या लेकराच्या आईचा जीव कसा टांगलेला असतो, ते मला माझ्या लेकीमुळं आता कळतं. ते पोरगं आपल्यासमोर बसलेलं असतं आणि तरी नसतं.

छापायचं कुठं? आपल्या निजामाच्या मुलखात कुणी हात घालेना. बार्शी जवळ, छोट्या आगगाडीनं जाता यायचं, पण ती इंग्रजांच्या हद्दीत. त्यात महायुद्धाचे दिवस, कागद मिळेना. मास्तरांनी दुभती म्हैस विकली आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी बार्शीचे फेरे मारले. शेवटी एका छापखान्यानं दोनशे प्रती काढायचं कबूल केलं. तिथं मुद्रितं तपासणारे एक म्हातारे गुरुजी होते, भले गृहस्थ. त्यांनी वही चाळली आणि विचारलं,

"मास्तर, कादंबरी चांगली आहे. शुद्ध करून घ्यायची का?"

मास्तरांना वाटलं, वेलांट्या-उकारांचं म्हणतायत. त्यांना तर हायसंच वाटलं.

"करा की गुरुजी, उपकार होतील. आमचं शिक्षण उर्दूत झालंय."

आणि मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायचे कच्चे छाप, टपालानं पाठवू नका असंही स्वतःच सांगून आले. सरकारी नोकरी, इंग्रजी मुलखातून छापील कागद आलेले कुणी पाहिले तर नसती चौकशी लागायची.

पुस्तकं आणायला गेले त्या दिवशी सरहद्दीवर करोडगिरीचा जवान डब्यात चढला. जकात घेणारी ही माणसं गठ्ठा दिसला की थांबायची.

"ये क्या है मास्टर?"

"कहानी है साब."

"किसकी?"

"एक दही बेचनेवाली की."

जवान हसत सुटला. "दही बेचनेवाली की भी कहानी होती क्या? जाव, ले जाव!"

गाडीत मास्तरांनी गठ्ठ्याची दोरी सोडली नाही. पहिलं पान अव्वासमोरच उघडायचं होतं. घरी आले, हातपाय धुतले, लिंगपूजा केली आणि वाचायला बसले. माझी आई इकडं भिंतीला कान लावून होती. मास्तर दमदार सुरुवात करून चौथ्या-पाचव्या ओळीला अडखळले. पुन्हा वाचलं, हळू.

"'मी तुम्हांस काय सांगू? माझे मन कशातच रमत नाही,' गजरा उद्गारली."

रुद्रम्मानं सूप खाली ठेवलं. "ही कोण बाई रे?"

"गजरा, अव्वा."

"गजरा कशाची! ही तर तहसीलदारीणबाई. ही दही इकती व्हय? हिच्याकडनं कोण घील?"

मास्तरांनी भराभर पुढची पानं उलटून पाहिली; गजरा शेवटपर्यंत अशीच शुद्ध बोलत होती.

गुरुजींनी मनापासून केलं होतं. सगळी 'अशुद्धं' काढली होती आणि त्या मेहनतीचं काही घेतलंही नव्हतं. मास्तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी बार्शीला जाऊन वही मागू लागले, तर वहीची पानं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी आपसात वाटून घेतलेली. काम झाल्यावर त्यांनी पानांना शाईचे हात पुसले आणि ती चुलीत घातली. नक्कल नव्हती. कागदच मिळत नव्हता तर नक्कल कशावर करणार?

राहिली होती ती फक्त रुद्रम्मा.

मग मास्तर रोज शाळेतून आल्यावर गजराचं छापलेलं एकेक वाक्य वाचायचे, ती ते आपल्या तोंडानं म्हणायची, आणि मास्तर छापलेलं खोडून वर बारीक अक्षरात तिचं लिहायचे. एका प्रतीत झालं की तेच बाकीच्या प्रतींत. लोक विचारायचे, "मास्तर, पुस्तक कवा इकताय?" ते म्हणायचे, "अशुद्ध करायचं चाललंय." लोकांना वाटायचं, मास्तर बिघडले. हळूहळू माणसं यायची थांबली. दीड वर्षात शहाण्णव पानं झाली. पुस्तक एकशे सत्तर पानांचं.

त्या थंडीत रुद्रम्माच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचा गेली.

मास्तरांनी तरी वाचणं सोडलं नाही. सत्त्याण्णवावं पान काढून तिच्या उशाशी बसायचे. "असं म्हणंल का, अव्वा?" ती मान हलवायची, नाही. "मग असं?" नाही. "का असं?" डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, ओठ वाकडे हलायचे, पण शब्द काही फुटायचा नाही. माझी आई म्हणाली, "मास्तर, तुमीच लिवा की आता. तुमाला ठावं हाय ती कशी बोलायची." मास्तर म्हणाले, "जगदेवीबाई, ठावं हाय असं मला वाटतंय. पर ती मान हालवतीया न्हवं."

दोन महिन्यांनी रुद्रम्मा गेली.

त्यानंतर सलग चार दिवस भिंतीपलीकडून कागद फाटल्याचा आवाज येत होता. मास्तरांनी दोनशे प्रतींची सत्त्याण्णवपासून पुढची पानं काढून टाकली आणि उरलेली पुन्हा हातानं शिवली. गजरा बाजारात झाडाखाली दह्याचं मडकं उतरवते, तिथं पुस्तक थांबलं.

थोडी विकली गेली, बाजारच्या दिवशी. पण घेणारे पुढच्या बाजारी मास्तरांच्या दारी परत यायचे. "मास्तर, ह्यातली पानं गळालीत. आणि खाडाखोड किती!" मास्तर वाद घालायचे नाहीत. "व्हय, गळालीत," म्हणायचे, पैसे परत द्यायचे, आणि पुस्तक घेऊन आत जायचे.