पाणी पिताना

बारामती-इंदापूर रस्त्यावर तात्यांचं पंक्चरचं दुकान आहे. हंगाम सुरू झाला की मी सायकलपटूंची क्रमवारी वहीत लिहिते आणि हवा भरायला गेले की त्यांना वाचून दाखवते. ते निकाल ऐकतच नाहीत.

"ताई, पळत्या सायकलीवर पाणी पिताना ज्याचं हँडल हालत न्हाय, त्योच खरा."

यंदा हंगामातली पहिली मोठी शर्यत दुकानासमोरून गेली. घोळक्याच्या शेवटी, बाटली तोंडाला लावलेला एक लाल हेल्मेटवाला त्यांनी हेरला. माझ्या यादीत तो नव्हताच.

"इंदापुरात ह्योच पहिला."

"तात्या, त्यो तर कळपामागचं लंगडं कोकरू!" शेजारचा चहावाला हसला.

"न्हाय आला, तर आजपासनं पारख बंद."

मग ते कामाला बसले, पण एकाच ट्यूबला दोनदा ठिगळ लावलं. मोबाईलवर शेवटचा किलोमीटर दिसला आणि लाल हेल्मेट सगळ्यांना मागे टाकून एकटंच रेषेपार गेलं. शिट्टी मारली ती चहावाल्यानं.

तात्यांनी माझी वही ओढली, पहिलं नाव खोडलं आणि वर 'लाल' लिहिलं.

खाडाखोड झालेलं पान मी फाडून पुन्हा लिहिते. हे मात्र ग्रीसच्या अंगठ्यासकट तसंच ठेवलंय.