गच्चीवरून सुटलेला पाइप

वेल्डिंगचा जळका वास आला की मला नाहूरमधली एक गच्ची आठवते. मित्राला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून दूरच्या लोकांशी बोलण्याचा, नाद होता. अँटेनासाठी आम्ही दोघं अॅल्युमिनियमचा लांब पाइप उभा करत होतो. इमारतीमागून विजेच्या उघड्या तारा जात होत्या. "लांब आहेत रे, आणि पायात रबरी चप्पल आहे ना," तो म्हणाला. उभ्या पाइपापासून तारा लांबच होत्या. पाइप पडला तर कुठवर पोचेल, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. वाऱ्याने दोरी निसटली आणि पाइप तारांकडे कलला. मी घाबरून हात काढले. त्याने मात्र पाइप वाचवायला मिठीच मारली. कपडे वाळत घालणारी त्याची बायको किंचाळली, "सोड! पाइप हवाय की मी?" त्याने सोडला. पाइप कठड्यापलीकडे झुकून तारेला टेकला. डोळे दिपवणारा पांढरा जाळ, कानठळ्या बसवणारा आवाज, मग सगळ्या इमारतीतले पंखे थांबल्याची शांतता. तो हात पुढे धरून तसाच उभा होता. तिने ते उलटेपालटे करून पाहिले, आणि मग खाली बसली. आजही तो भेटला की मी चेहऱ्याआधी त्याचे हात पाहतो.