चौदा नंबरची जर्सी

टिल्लीला बास्केटबॉल खेळता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेत असताना एकदा तिने चेंडू हातात घेतला होता. तो उसळून तिच्याच नाकावर आपटला आणि बाईसाहेबांची क्रीडा कारकीर्द तिथेच आटोपली. उंचीही बेताचीच, म्हणून तर टिल्ली हे नाव पडलं. पण शहराचा व्यावसायिक संघ मैदानात उतरला की तिचा रुबाब बघावा! प्रशिक्षकाने कुणाला बसवावं, कुणाला उतरवावं, पंचाने कधी शिट्टी मारावी, सगळं हीच ठरवणार, आणि तेही लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहून. वय एकवीस-बावीस. या वयात माणसं शिकतात, प्रेमात पडतात, गेलाबाजार नोकरी तरी बदलतात. टिल्ली जिंकायची आणि हरायची. दुसरा धंदा नाही.

आई गेल्यापासून ती मावशीकडे राहत होती. वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि त्यात हिला जागा नव्हती. मावशीच्या दोन खोल्या, दोघींना पुरेशा. मावशी तोंडाने फटकळ, पण टिल्लीपुढे तिचं काही चालायचं नाही. कारण संघ हरला की घरात सुतक! टिल्ली आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, वाढलेलं ताट सरकवून द्यायची, मावशीने काही विचारलं तर "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून खेकसायची. पुढचा सामना जिंकेपर्यंत एक शब्द नाही. आणि जिंकला, की हीच मुलगी मावशीच्या गळ्यात पडायची, भांडी घासायची, दिवसभरात काय झालं ते तिला शेजारी बसवून सांगायची. आदल्या मोसमात संघाने सपाटून मार खाल्ला होता. मावशीने ते सगळे महिने भिंतींशी बोलून काढले.

या वेडाच्या मुळाशी चौदा नंबर होता. म्हणजे त्या नंबरची जर्सी घालणारा खेळाडू. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच आणि उंचीपेक्षा दीडपट गर्विष्ठ. टिल्ली नावाचा प्राणी या पृथ्वीवर आहे याचा त्याला पत्ताही नव्हता. पण टिल्लीला त्याचा कुठला घोटा थंडीत दुखतो, हे पाठ. मावशीचा कुठला खांदा दुखतो असं कुणी विचारलं असतं, तर तिला जरा आठवावं लागलं असतं.

आता लाँड्रीचं सांगतो, जिथे या दोघी कामाला होत्या. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे कोट, गणवेश, असा सगळा मोठा पसारा. मागच्या खोलीत मळके कपडे निवडायचे, मधे यंत्रं, पुढे इस्त्रीची टेबलं आणि सगळ्यात शेवटी, दाराजवळ, मावशीचं टेबल. तिथे कपड्यावरून हात फिरायचा, कपडा नाकाशी जायचा, आणि मगच घडी होऊन गठ्ठ्यात बसायचा. मावशीने परत टाकलेला कपडा धुवायला गेलाच पाहिजे, तिथे मालकाचंही चालायचं नाही. संघाचा सामानवाला पहिल्यांदा चौकशीला आला, तेव्हा तासभर ते टेबल बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या जर्स्या इथेच येणार." मालकाने त्या दिवशी मावशीला सगळ्यांसमोर खुर्ची दिली. त्या टेबलावरून मळका कपडा गेला असं कधी झालं नव्हतं, आणि मावशीची सगळी पत तेवढ्यावर उभी होती.

जर्स्या आल्या म्हटल्यावर टिल्लीला अस्मान ठेंगणं झालं. "त्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," असं तिने जाहीर केलं. कुणाला हौस होती म्हणा! त्या जर्स्यांवर नंबर छापलेले, म्हणून उलट्या करून अगदी मंद इस्त्री फिरवायची. कामाचा कंटाळा येणारी ही पोरगी ते काम जीव ओतून करायची. निदान एवढं तरी चांगलं म्हणावं, तर तिथेच तिने माती खाल्ली.

या मोसमातही संघ ओळीने हरत होता. एका सकाळी गठ्ठा निघायची वेळ झाली आणि चौदा नंबरची जर्सी सापडेना. शोधता शोधता ती धुण्याच्या गाडीच्या तळाशी अडकलेली निघाली, जशी आली तशीच, घामाने कडक झालेली. धुवायला वेळ नव्हता. टिल्लीने ती झटकली, इस्त्री फिरवली, वर भसाभसा सुगंधी फवारा मारला आणि बाकीच्या जर्स्यांच्या मधोमध सारून मावशीच्या टेबलावर ठेवली. मावशीने "अगं ए!" म्हणून दोनदा हाक मारली, पण ही तोवर पसार. गठ्ठा गेला. आणि त्या संध्याकाळी संघ जिंकला! शेवटचा बास्केट चौदा नंबरचा!

झालं. टिल्लीच्या डोक्यात प्रकाश पडला. जर्सी धुतली की तिच्यातलं नशीब वाहून जातं, म्हणून संघ हरतो. न धुता दिली की जिंकतो. आता त्या जर्सीत घाम होता तो हरलेल्या सामन्याचा, मग त्यात नशीब आलं कुठून, असं कुणीही विचारील. पण विचार करणं हा टिल्लीचा प्रांत नव्हता. पुढच्या खेपेला तिने चौदा नंबर मुद्दाम बाजूला काढला. संघ पुन्हा जिंकला. मग तर काय, नेमच झाला! बाकी सगळ्यांच्या जर्स्या यंत्रात, आणि लाडक्याची तेवढी इस्त्री आणि फवारा. लाँड्रीत काम करून ज्याच्यावर जीव टाकायचा, त्यालाच तेवढं घाणेरडं ठेवायचं. वा गं भक्ती!

संघ मात्र जिंकत सुटला. लोक चौकात नाचत होते, प्रशिक्षकाचे फोटो छापून येत होते आणि टिल्ली सगळ्यांकडे बघून मनातल्या मनात हसत होती. नाचा बापडे! संघ चालवतेय मी! घरातही नुसता आनंदीआनंद. तिने मावशीला रोज रात्री सामन्याची गोष्ट सांगितली, तिचे केस विंचरले, एकदा तर दोघी मिळून बाजारात गेल्या. मावशी हसायची. सामानवाला टिल्लीच्या उत्साहावर खूश होऊन तिला अंतिम सामन्याचा पास देऊन गेला, खेळाडूंच्या बाकाच्या अगदी मागचा. तो पास टिल्ली ॲप्रनच्या खिशात घेऊन वावरायची आणि येताजाता चाचपून बघायची.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला आणि सामानवाला लाँड्रीत उगवला. या वेळी खूश नव्हता. हातात एक प्लास्टिकची पिशवी, अंगापासून लांब धरलेली. ती त्याने मालकापुढे आपटली.

"घ्या वास!"

मालकाने पिशवी उघडली आणि मान झटक्यात मागे घेतली.

"पाठभर पुरळ उठलंय त्याच्या," सामानवाला ओरडला. "पू झालाय! डॉक्टर म्हणाले, अंगात काय घालतोस ते आण बघू. धुतलेलीच नाहीये ही! आजची नाही, कित्येक आठवड्यांची घाण आहे. परवा अंतिम सामना, आणि आमचा मुख्य खेळाडू मलम फासून पालथा पडलाय! कुणाचं काम हे? मला माणूस दाखवा. त्याला स्टेडियमच्या दारात उभं करणार नाही मी."

यंत्रं चालू होती, पण टिल्लीला ऐकू येईना. आपल्यामुळे चौदा नंबर खेळणार नाही! सांगून टाकावं, असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. तोंड उघडलंही. तेवढ्यात हात खिशावर गेला. आत्ता सांगितलं तर पास गेला. सामना झाल्यावर सांगू, लगेच दुसऱ्या दिवशी सांगू, असं तिने स्वतःला समजावलं आणि तोंड मिटलं. एरवी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी जीभ ही! त्या दिवशी टाळ्याला चिकटून बसली.

मावशी आपल्या टेबलामागून पुढे आली. हात पदराला पुसत म्हणाली, "शेवटचं टेबल माझं आहे. माझ्या हातून गेलंय ते."

"तुमच्या?" मालकाचा विश्वास बसेना. "एकदा होतं हो. पण इतके आठवडे?"

"वय झालं. नाक चालत नाही आता पहिल्यासारखं."

मावशीने असं म्हणावं! मालकाने टिल्लीकडे पाहिलं, इस्त्रीवाल्या बायकांनी टिल्लीकडे पाहिलं. टिल्लीने इस्त्रीकडे पाहिलं. सामानवाल्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की संघाचं काम आजपासून दुसरीकडे जाईल, आणि तो निघून गेला. मालक बराच वेळ डोकं धरून बसला. मग म्हणाला, "उद्यापासून तुम्ही मागे बसा. निवडायला."

मागे म्हणजे त्या खोलीत, जिथे इस्पितळाच्या चादरी येतात. रक्ताच्या, ओकारीच्या, कशाकशाच्या. कामाला नव्याने लागलेल्या मुलींना तिथे बसवायचे. दुसऱ्या दिवशी मावशी तिथे बसली आणि तिच्या टेबलावर मालकाची सून आली. ती बिनदिक्कत, फोनवर बोलत, न बघता गठ्ठे बांधत होती. दुपारी मावशी हात धुवायला बाहेर आली, तेव्हा टिल्लीने इस्त्रीचं पाणी भरायला म्हणून पाठ फिरवली. घरी दोघींनी जेवण केलं. मावशी या विषयावर अवाक्षर बोलली नाही, आणि टिल्लीला वाटलं, चला, फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

आणि गेली की हो ती सामन्याला! लाज नाही, शरम नाही, तोंडाला संघाचे रंग फासून गेली. बाकाच्या मागेच बसली. चौदा नंबर समोरच होता, सैल सुती शर्टात, अधूनमधून पाठ खाजवत, शेजाऱ्याशी टवाळक्या करत. आपल्यामुळे त्याचा केवढा घात झाला म्हणून टिल्लीला रडू फुटायचं बाकी होतं. त्याला मात्र दुःख झाल्यासारखं दिसत नव्हतं. त्याच्या जागी कुणीतरी नवखा मुलगा उतरला, ज्याला टिल्लीने मोसमभर शिव्या घातल्या होत्या. त्या मुलाने एकामागून एक बास्केट टाकत समोरच्यांची दाणादाण उडवली. मध्यंतरालाच निकाल दिसत होता. संघ जिंकला, आणि थोडाथोडका नाही, दणदणीत जिंकला.

सगळं स्टेडियम उठलं. टिल्लीही उठली, किंचाळली, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. चौदा नंबर बाकावर चढून सगळ्यांच्या आधी नाचायला लागला. मग ती एकदम थांबली. मैदानातल्या सगळ्या जर्स्या धुतलेल्या होत्या. झकपक, कडक, कुठल्या तरी दुसऱ्याच लाँड्रीतून आलेल्या. तिच्या हातची एकही नव्हती. या जिंकण्याला तिची काडीची गरज नव्हती, आधीही नसणार. मग मावशी त्या मागच्या खोलीत कशासाठी बसली होती? करंडक उचलायच्या आत टिल्ली गर्दीतून वाट काढत बाहेर पडली आणि घरापर्यंत चालत आली.

मावशी स्वयंपाकघरात कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती. निवडताना वापरायच्या जंतुनाशक औषधाने बोटं सोलली होती. टिल्ली दारातच उभी राहिली.

"मावशी, ती जर्सी मी..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अगं, घामाच्या कपड्यावर इस्त्री फिरली की वास लपतो होय? फवारा मारून मला फसवतेस? दोन हाका मारल्या तुला."

"नाक चालत नाही म्हणालीस की!"

"मग काय म्हणू? नाक शाबूत आहे आणि तरी बांधून दिली, असं सांगू मालकांना?"

टिल्लीला काही समजेना. "पण परत का नाही टाकलीस? माझ्या तोंडावर फेकायचीस!"

मावशीने हात पाण्यातून काढले, पुसले. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"पहिल्या दिवशी गाडी दारात उभी होती, म्हटलं एकदा जाऊ दे, उद्या हिची चांगली हजेरी घेते. त्या रात्री तुम्ही जिंकलात. तू घरी आलीस आणि माझ्याजवळ बसून बोललीस. किती दिवसांनी! पुढच्या खेपेला ती जर्सी हातात घेतली, धुवायच्या टोपलीपर्यंत नेलीसुद्धा. मग वाटलं, धुतली आणि हरले तर? परत ते दार बंद, परत ते ताट सरकवणं. माझ्याच्याने होणार नव्हतं गं. बांधली आणि दिली पाठवून. त्यानंतर प्रत्येक वेळी."

टिल्लीच्या तोंडावरचा रंग ओघळला. "मी उद्या मालकांना सगळं सांगते," ती कशीबशी म्हणाली. "पायाशी लोळण घेते त्यांच्या."

"सांग, नाहीतर राहू दे. ते टेबल आता मला नको. जाणूनबुजून घाण पाठवली मी त्याच्यावरून." मावशी उठली, आणि तिने जरा भीतभीतच विचारलं, "ते सोड. आज जिंकले ना?"

"जिंकले."

"सुटले गं बाई!" मावशीने छातीवर हात ठेवला. "म्हणजे काही दिवस तरी तू माझ्याशी नीट बोलशील."

आणि ती पानं घ्यायला वळली.