कागदावरचे अठ्ठावन्न

आजोबांनी शाळेत बाबांचं वय चार वर्षांनी कमी लिहवून आणलं, याचा आमच्या घरात मोठा तोरा होता. विदर्भातून जबलपूरला रेल्वेत मजुरीला आलेल्या माणसाचा साधा हिशेब: वय कमी, तर नोकरी जास्त. गुरुजींनी एक जुलै तारीख टाकून दिली. आमच्या गल्लीतले निम्मे बाप एक जुलैचेच.

बाबा महापालिकेच्या अग्निशमन दलात फायरमन. आता खरे बासष्टचे, म्हणजे निवृत्तीच्या वयाचे, कागदावर अठ्ठावन्न. म्हणजे अजून चार वर्षं शिडी. नोकरी मध्येच सोडावी तर पेन्शनला लागणारी वर्षं भरत नाहीत, कारण बाबांची सुरुवातीची रोजंदारीवरची वर्षं नियमात धरत नाहीत. आग मात्र तेव्हाही खरीच होती. या नियमांची मला किळस येते.

गेल्या हिवाळ्यात पनागरकडच्या एका गोदामाला आग लागली आणि बाबा शिडीच्या मध्यावर अडकले. दम इतका लागला की सोबतच्यांनी धरून उतरवलं.

"खरं वय सांगून टाका," मी म्हटलं.

"काहून? खोट्या तारखेवर नोकरी केली म्हणून काढून टाकतील. तू काय बोलून राहिली?"

एकच वाट उरली होती. डॉक्टरनं 'शिडी झेपत नाही' असं लिहिलं, तर कंट्रोल रूममध्ये फोनवर बसवतात. मी बाबांना तपासणीला घेऊन गेले. डॉक्टरनं छातीला नळी लावली, कागद पाहिला, परत बाबांकडे पाहिलं.

"उमर अट्ठावन ही है ना? लगते तो ज़्यादा हैं."

तो सहज बोलला असेल. पण बाबांचा चेहरा उतरला. वयाची चौकशी लागली तर सगळंच गेलं.

"अट्ठावन ही है साहब. दो मंज़िल चढ़ के दिखाऊँ?"

आणि चढले की हो, कठड्याला हात न लावता, तोंड मिटून. खाली आल्यावर नाकानंच श्वास घेत ताठ उभे राहिले. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी इतके दिवस आजोबांना, गुरुजींना, ऑफिसला शिव्या घालत होते. आता मीही म्हटलं, "जी, अट्ठावन." त्या क्षणी मला माझीच शिसारी आली.

डॉक्टरनं 'फिट' लिहून सही केली. बाहेर ऑटोत बसताना बाबांचा पाय उचलेना. मी त्यांना काखेत हात घालून चढवलं.